त्या वाऱ्याक नाव काय

निवतीच्या किनाऱ्यावर मार्गशीर्षात, पहाटे चारला,
मतलय सुटते, डोंगराकडून, सुक्या गवताचा वास घेऊन.
सगूणकाका उपड्या होडीला टेकून बसलेला,
न उठताच सांगतो, "आता बांगडो भायर सरतलो."

त्याच्या उजव्या डोळ्यात भिंग नाही.
तरुणपणी दोर तुटून डोळ्यावर बसला, मोतीबिंदू धरला,
कुडाळच्या शिबिरात तो काढला.
तेव्हा आत काही बसवत नसत,
बाटलीच्या बुडासारखा चष्मा देत आणि घरी पाठवत.
चष्मा उतरवला की, तो म्हणतो,
दुपारच्या पाण्यावर एक फिका जांभळा दिसतो,
डाव्या डोळ्याला न दिसणारा.
गावात कोणाला पटलं नाही.
मला पटलं,
माझं पोट त्या जांभळ्याच्याही पलीकडल्या रंगावर चालतं.

बावीस वर्षं मी मरायला टेकलेल्या ताऱ्यांच्या
रेघा मोजते.
तो प्रकाश जमिनीवर पोचतच नाही, हवाच त्याला वर गिळते,
म्हणून एक दुर्बीण आभाळात सोडली होती.
ती कधीच बंद पडली.
तिचे आलेख उरलेत, खारवलेल्या मोरीसारखे,
वास मारतात, अजून पुरतात.

"ताऱ्याक वारो?"
असतो.
"खयसून येता?"
त्याच्यातूनच.

मग बॅटरीच्या उजेडात, ओल्या वाळूत
मी काटकीने कार्बनची रेघ काढली:
उजवीकडे टेकडी, डावीकडे खड्डा.
तारा चहूकडे वारा फेकतो, काका,
त्यातला जो आपल्याकडे येतो
तो ताऱ्याचाच उजेड वाटेत खातो,
जेवढा जोरात येतो तेवढा निळ्याकडे सरकून खातो.
ह्या खड्ड्याची कड कुठे संपते बघ,
तिथे वेग वाचायचा.
सेकंदाला दोन हजार किलोमीटर.

काका वाकला, खड्ड्यात बोट घातलं.
"लाट येवच्या आदी पाणी असाच खाली बसता."

माझ्या प्रबंधात ह्या गोष्टीला एकोणीस पानं लागली होती.

तारा आधी म्हातारपणी संथ सुटतो,
अंगावरचं एकेक थर उतरवत, हजारो वर्षं.
मग आतलं उघडं पडतं, लहान, भयंकर तापलेलं,
आणि त्याचा नवा वारा जुन्याला मागून गाठतो,
ढकलत नेतो, कडेला दाटवतो.
उलटी रापण. गोल पसरत जाते,
किनाऱ्यावर ओढणारं कोणी नाही,
मासळी नाही, वाटे नाहीत.
त्या गोलाला ग्रहीय तेजोमेघ म्हणतात.
ग्रहाचा काही संबंध नाही,
जुन्या दुर्बिणीतून गोल दिसला, नाव पडलं, राहिलं.
"म्हशीच्या खडकार म्हस खय चडली हुती?"
काका म्हणाला, आणि तो विषय संपला.

"पण त्या वाऱ्याक नाव काय?"
नाव नाही.
"मगे हाक कशी मारतलंस?"
दोन हजार, मी म्हटलं. कधी अडीच.
"तो हिशोब झालो गो. नाव न्हय."

मी बोटाने आभाळाचा एक कोपरा दाखवला.
त्याने चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला
आणि भिंग नसलेल्या डोळ्याने बघत राहिला.
मला ठाऊक होतं, त्या डोळ्यालाही तिथलं काही मिळणार नाही,
त्याचा जांभळा उंबऱ्यावरचा, माझा फार आतला.
बोलले नाही.
"काय दिसता?"
"काय नाय," तो म्हणाला, आणि मान खाली घेतली नाही.

उजाडता उजाडता मतलय पडली.
रापणीची माणसं हाका मारू लागली, काका चष्मा शोधू लागला,
तो माझ्याच पायाखाली होता, एक काडी वाकलेली.

संध्याकाळी तक्ता भरला.
ताऱ्याचा क्रमांक. कडेचा वेग. चूक, अधिक-उणे.
शेवटचा रकाना शेऱ्याचा, मी तो कोरा ठेवते.
ह्या वेळी लिहिलं: लाट येण्याआधी पाणी खाली बसतं.
हैदराबादहून सहकाऱ्याने विचारलंय,
हे काय आहे?
तीन दिवस झाले. उत्तर दिलेलं नाही.